रक्ताच्या दोन साक्षी

मनुष्याच्या शरीरातून वाहणारे रक्त डोळ्यांना सर्वत्र सारखेच दिसते. श्रीमंताचे रक्त तांबडे आणि गरिबाचेही तांबडेच. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्याचे रक्त आणि कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याचे रक्त शेजारी शेजारी ठेवले, तर कोणते कोणाचे हे कोणासही सांगता येणार नाही. परंतु ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण रक्ताच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या या रक्तात सूक्ष्म भेद आहेत, आणि त्या भेदांकडे दुर्लक्ष करून एकाचे रक्त दुसऱ्यास दिले, तर जीव वाचवण्याऐवजी जीव जाण्याची वेळ येते. हे भेद ओळखण्याची विद्या मनुष्याला कशी साध्य झाली, आणि ती विद्या साध्य झाल्यावरही क्वचित प्रसंगी रक्त परीक्षकालाच कसे कोड्यात टाकते, हे समजून घेण्यासारखे आहे.

रक्त गमावल्यामुळे मृत्यू येतो, हे माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. तेव्हा गेलेले रक्त भरून काढावे, ही कल्पना सुचणे स्वाभाविकच होते. फ्रान्समध्ये १६६७ साली झां-बाप्तिस्त दनी या वैद्याने कोकराचे रक्त माणसाच्या शरीरात घालून पाहिले. आरंभी काही रुग्ण त्यातून बचावले. पण पुढे एक रुग्ण दगावला, वैद्यावर खटला झाला, आणि अखेर या उपचारास तेथे बंदी घालण्यात आली. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, १८१८ साली, लंडन येथील जेम्स ब्लंडेल या डॉक्टराने माणसाचेच रक्त माणसाला देण्याचा प्रयत्न केला. त्याच्या रुग्णांपैकी काही वाचले, तर काही मरण पावले. रक्त माणसाचे, देण्याची रीतही तीच. मग एकास जीवदान आणि दुसऱ्यास मृत्यू असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणापाशीच नव्हते.

ते उत्तर व्हिएन्ना नगरीतील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने शोधून काढले. त्याचा प्रयोग अगदी साधा होता. त्याने स्वतःचे आणि आपल्या सहकाऱ्यांचे थोडे थोडे रक्त घेतले. प्रत्येक रक्तातील तांबड्या पेशी एकीकडे काढल्या आणि वरचे पिवळसर पाणी, म्हणजे रक्तजल, दुसरीकडे काढले. मग एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तजलात मिसळून काय होते ते पाहिले. काही मिश्रणे जशीच्या तशी राहिली. काही मिश्रणांत मात्र पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. दूध नासले की त्यात जसे कण दिसू लागतात, तसेच हे दृश्य होते. जखमेवर रक्त गोठते ती क्रिया वेगळी आणि पेशींचे असे पुंजके होणे वेगळे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. आपली निरीक्षणे नीट मांडून १९०१ साली लँडस्टायनरने माणसाच्या रक्ताचे तीन गट प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना चौथा गट आढळला. हेच ‘ए’, ‘बी’, ‘ओ’ आणि ‘एबी’ हे आज सर्वांच्या परिचयाचे रक्तगट होत. या शोधाबद्दल लँडस्टायनरला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले; आणि त्याचा जन्मदिवस, १४ जून, हा आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

या गटांचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील खूण. या खुणेला प्रतिजन असे म्हणतात. ज्याच्या पेशींवर ‘ए’ खूण असते तो ‘ए’ गटाचा, ‘बी’ खूण असते तो ‘बी’ गटाचा, दोन्ही असतात तो ‘एबी’ गटाचा आणि दोन्ही नसतात तो ‘ओ’ गटाचा. दुसरी गोष्ट रक्तजलात असते. जी खूण आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्ध लढणारे द्रव्य आपल्या रक्तजलात तयार असते. त्याला प्रतिपिंड म्हणतात. म्हणजे ‘ए’ गटाच्या माणसाच्या रक्तजलात ‘बी’ विरोधी प्रतिपिंडे असतात आणि ‘बी’ गटाच्या माणसात ‘ए’ विरोधी. ‘ओ’ गटाच्या माणसात दोन्ही असतात, तर ‘एबी’ गटाच्या माणसात यांपैकी एकही नसते. घराचा पहारेकरी घरच्या माणसांवर भुंकत नाही, परक्यावर भुंकतो. त्यातलाच हा प्रकार.

आता चुकीच्या गटाचे रक्त दिल्यास काय घडते, हे सहज कळून येईल. ‘बी’ गटाच्या रुग्णाला ‘ए’ गटाचे रक्त दिले, तर रुग्णाच्या रक्तजलातील प्रतिपिंडे त्या नव्या पेशींवर तुटून पडतात. पेशी फुटतात, त्यांतील रक्तवर्ण बाहेर सांडतो, मूत्रपिंडांना इजा होते, रक्तदाब खाली येतो, आणि रुग्ण दगावण्याचाही संभव असतो. याला फार मोठी बाटलीभर रक्त लागते असेही नाही. थोडेसे चुकीचे रक्तही घातक ठरू शकते. म्हणूनच रक्तपेढीत आलेल्या प्रत्येक रक्ताची पारख अत्यंत काळजीपूर्वक करावी लागते.

रक्तदात्याचे रक्त रक्तपेढीत आल्यावर त्याची परीक्षा दोन बाजूंनी होते. पहिल्या परीक्षेत त्याच्या तांबड्या पेशी तपासतात. काचेच्या एका लहानशा नळीत ‘ए’ विरोधी द्रव घेतात, दुसरीत ‘बी’ विरोधी द्रव घेतात. नजरचुकीने एकाच्या जागी दुसरा येऊ नये म्हणून पहिल्या द्रवाला निळा आणि दुसऱ्याला पिवळा रंग दिलेला असतो. दोन्ही नळ्यांत दात्याच्या पेशी घालतात, नळ्या यंत्रात वेगाने फिरवतात, आणि मग हलकेच हलवून पुंजके झाले की नाही ते पाहतात. निळ्या द्रवात पुंजके झाले आणि पिवळ्यात झाले नाहीत, तर पेशी जणू सांगतात, ‘आम्ही ए गटाच्या.’

परीक्षक एवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्या परीक्षेत तो दात्याचे रक्तजल घेतो. ज्यांचा गट आधीच पक्का ठाऊक आहे अशा ‘ए’ पेशी एका नळीत आणि ‘बी’ पेशी दुसऱ्या नळीत घेऊन त्यांत ते रक्तजल घालतो. दाता खरोखरच ‘ए’ गटाचा असेल, तर त्याच्या रक्तजलात ‘बी’ विरोधी प्रतिपिंडे असली पाहिजेत. म्हणजेच ‘बी’ पेशींचे पुंजके झाले पाहिजेत आणि ‘ए’ पेशी मोकळ्या राहिल्या पाहिजेत. तसे झाले, की पेशींनी दिलेली साक्ष आणि रक्तजलाने दिलेली साक्ष एकमेकींशी जुळली. न्यायालयात दोन साक्षीदार स्वतंत्रपणे एकच हकीकत सांगतात, तेव्हा न्यायाधीशाचा विश्वास दृढ होतो. रक्ताच्या परीक्षेतही तसेच आहे. दोन्ही साक्षी जुळल्यावाचून बाटलीवर गटाची चिठ्ठी लागत नाही.

बहुतेक वेळा या साक्षी जुळतात. परंतु क्वचित असे घडते, की पेशी एक सांगतात आणि रक्तजल दुसरेच सांगते. अशा वेळी परीक्षकाचा पहिला धर्म कोणता? तर थांबणे. ‘पेशींचे म्हणणे बहुधा खरे असेल’ असा अंदाज बांधून चिठ्ठी लावणे हा त्या अज्ञात रुग्णाच्या जीवाशी केलेला खेळ होय. ती बाटली बाजूला ठेवली जाते, आणि उलगडा होईपर्यंत ती कोणालाही दिली जात नाही.

मग शोध सुरू होतो. शहाणा परीक्षक दुर्मिळ कारणांच्या मागे आधी लागत नाही. तो साध्या चुकीपासून आरंभ करतो. नळीवरचे नाव व क्रमांक बरोबर आहे ना? दोन दात्यांच्या नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? एखाद्या नळीत द्रव घालावयाचा राहून तर गेला नाही ना? द्रवाची मुदत संपलेली नाही ना? पेशी प्रमाणाबाहेर जास्त तर पडल्या नाहीत ना? ही सर्व चौकशी करून तो परीक्षा पहिल्यापासून पुन्हा करतो, आणि गरज पडल्यास दात्याकडून नवे रक्त मागवतो. असे अनेक घोटाळे येथेच मिटतात, कारण त्यांचे मूळ रक्तात नसून माणसाच्या हातात असते.

तरीही साक्षी जुळल्या नाहीत, तर दोष रक्तातच शोधावा लागतो. कधी रक्तजलात प्रथिनांचे प्रमाण फार वाढलेले असते. मग तांबड्या पेशी नाण्यांची चळत लावावी तशा एकीवर एक रचल्या जातात, आणि नुसत्या डोळ्यांना ते पुंजकेच वाटतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले म्हणजे ही चळत ओळखू येते. रक्तजल काढून त्याच्या जागी मिठाचे सौम्य पाणी घातले, की चळत मोडते आणि पेशी सुट्या होतात. खरे पुंजके मात्र तसेच राहतात. कधी रक्तात थंडीत जागी होणारी प्रतिपिंडे असतात. शरीराच्या उष्णतेत ती निपचित असतात, पण नळी गार झाली की स्वतःच्याच पेशींना चिकटवू लागतात. अशा पेशी शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस उष्ण असलेल्या मिठाच्या पाण्याने धुतल्या, की त्यांची खोटी साक्ष नाहीशी होते आणि खरी ऐकू येते.

कधी कारण वयात दडलेले असते. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या रक्तात त्याची स्वतःची प्रतिपिंडे अद्याप तयार झालेली नसतात. ती काही महिन्यांनी तयार होऊ लागतात. वृद्धांच्या रक्तातही ती कधी कधी क्षीण झालेली आढळतात. अशा वेळी पेशी बोलतात, पण रक्तजल मौन धरते. म्हणून उलगडा करणारा परीक्षक केवळ नळीकडे पाहत नाही. ज्याचे रक्त आहे त्याचे वय काय, पूर्वी कोणता आजार झाला, कधी रक्त घेतले होते काय, हेही तो विचारतो.

एक घोटाळा तर मोठा मनोरंजक आहे. पेशी म्हणतात, ‘आम्ही ए’; आणि रक्तजल मात्र ‘बी’ पेशींबरोबर ‘ए’ पेशींचेही पुंजके करते, म्हणजे ‘ओ’ गटासारखे वागते. याचे कारण असे, की ‘ए’ गटाचेही पोटभेद आहेत. त्यांतील मुख्य दोन ‘ए-एक’ आणि ‘ए-दोन’ या नावांनी ओळखले जातात. ‘ए-दोन’ पोटगटाच्या काही थोड्या माणसांच्या रक्तजलात ‘ए-एक’ पेशींना विरोध करणारी प्रतिपिंडे असतात. आणि परीक्षेसाठी वापरलेल्या पेशी नेमक्या ‘ए-एक’ असतात. आता हा पोटभेद ओळखावा कसा? त्याचे साधन महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात आहे. ज्या कुळिथाचे पिठले कोकणात घरोघर होते, त्याच कुळिथाच्या बियांच्या अर्कात एक असे द्रव्य असते, की ते योग्य प्रमाणात पातळ केले असता ‘ए-एक’ पेशींचे पुंजके करते आणि ‘ए-दोन’ पेशींना सोडून देते. जॉर्ज बर्ड या संशोधकाने १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कुळिथाचा हा गुण दाखवून दिला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत या अर्काचा उपयोग होतो. त्या अर्काने दात्याच्या पेशी चिकटल्या नाहीत, आणि त्याच्या रक्तजलाने ‘ए-दोन’ पेशींनाही चिकटवले नाही, म्हणजे दोन्ही साक्षींचा मेळ बसतो. पेशी खोटे बोलत नव्हत्या आणि रक्तजलही खोटे बोलत नव्हते. प्रश्नच अपुरा विचारला गेला होता.

याच्या उलट प्रकारही घडतो. पेशी ‘ए’ विरोधी द्रवात मोकळ्याच राहतात, जणू त्या ‘ओ’ गटाच्या. पण रक्तजल फक्त ‘बी’ पेशींचे पुंजके करते, जणू दाता ‘ए’ गटाचा. येथे पेशींवर ‘ए’ खूण असते, पण ती इतकी विरळ असते, की नेहमीच्या परीक्षेत दिसत नाही. अशा रक्तावर ‘ओ’ अशी चिठ्ठी लावून ते खऱ्या ‘ओ’ रुग्णाला दिले, तर त्याच्या शरीरातील ‘ए’ विरोधी प्रतिपिंडे त्या पेशी शोधून काढतील. ही लपलेली खूण उघडकीस आणण्याची युक्ती चोराच्या मागावरील पोलिसाला शोभेल अशी आहे. संशयित पेशी ‘ए’ विरोधी द्रवात बराच वेळ ठेवतात. मग त्या पुन्हा पुन्हा धुतात, म्हणजे न चिकटलेली सर्व प्रतिपिंडे निघून जातात. नंतर त्या पेशी तापवतात. पेशींवर थोडी जरी ‘ए’ खूण असेल, तरी तिला चिकटून राहिलेली प्रतिपिंडे उष्णतेने सुटून पाण्यात उतरतात. ते पाणी गट ठाऊक असलेल्या ‘ए’ पेशींत घातले, आणि त्यांचे पुंजके झाले, की गुन्हा शाबीत! प्रतिपिंडे त्या पाण्यात आली, त्याअर्थी ती चिकटायला ‘ए’ खूण होतीच. मग त्या दात्याची नोंद ‘ए’ गटात होते.

दोन साक्षी जुळल्या नाहीत तर काय करावे, हे येथवर पाहिले. परंतु दोन्ही साक्षी तंतोतंत जुळल्या आणि तरीही निर्णय चुकला, तर? असे होऊ शकते, हे जगाला प्रथम मुंबईने शिकवले.

परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथे काम करणारे डॉ. वाय. एम. भेंडे यांना काही व्यक्तींचे रक्त विलक्षण वाटले. त्यांच्या पेशी ‘ए’ विरोधी द्रवात चिकटत नव्हत्या आणि ‘बी’ विरोधी द्रवातही चिकटत नव्हत्या. त्यांचे रक्तजल ‘ए’ पेशींचेही पुंजके करी आणि ‘बी’ पेशींचेही करी. दोन्ही साक्षींवरून हे रक्त ‘ओ’ गटाचे ठरत होते. पण खऱ्या ‘ओ’ गटाच्या माणसाचे रक्त त्यांच्या रक्तजलाशी मिसळून पाहिले, तर त्याचेही पुंजके होत! ‘ओ’ पेशींवर ‘ए’ नाही, ‘बी’ नाही. मग हे रक्तजल त्यांच्यावर कशासाठी चवताळते? डॉ. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनमधील नामांकित रक्तगट-शास्त्रज्ञांच्या साहाय्याने या रक्ताचा कसून अभ्यास केला, आणि १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. ज्या नगरीत तो प्रथम सापडला, तिच्या नावावरून हा गट पुढे जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. नगरीचे नाव आता मुंबई झाले असले, तरी वैद्यकाच्या ग्रंथांत ते जुने नाव या गटाच्या रूपाने टिकून आहे.

या रक्ताचे रहस्य असे आहे. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा पेशीवर थेट चिकटत नाहीत. त्यांच्या खाली ‘एच’ नावाची एक मूळ खूण असते. ती एका विशिष्ट साखरेच्या रेणूने बनलेली असते. या ‘एच’ वर आणखी एक साखर जोडली गेली, की ‘ए’ होतो. तिच्याऐवजी दुसरी साखर जोडली गेली, की ‘बी’ होतो. काहीच जोडले गेले नाही, तर नुसती ‘एच’ उरते आणि तो ‘ओ’ होतो. ‘एच’ ही भिंतीवरची खुंटी समजावी आणि ‘ए’ व ‘बी’ या तिच्यावर टांगलेल्या टोप्या समजाव्या. ‘ओ’ गटाच्या माणसापाशी खुंटी असते, टोपी नसते. बॉम्बे गटाच्या माणसापाशी मात्र खुंटीच नसते. खुंटीच नाही, तर टोपी टांगणार कशाला? त्यामुळे त्याच्या पेशी ‘ओ’ सारख्या दिसतात. आणि जी खूण आपल्यापाशी नाही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, या नियमाप्रमाणे त्याच्या रक्तजलात ‘ए’ विरोधी, ‘बी’ विरोधी आणि शिवाय ‘एच’ विरोधी प्रतिपिंडे असतात.

म्हणजे येथे दोन साक्षी पुरत नाहीत. तिसरी साक्ष काढावी लागते. रक्तजलाच्या परीक्षेत ‘ए’ व ‘बी’ पेशींच्या जोडीला ‘ओ’ पेशींची एक नळी ठेवणे, हीच ती तिसरी साक्ष. खऱ्या ‘ओ’ दात्याच्या रक्तजलात ‘ओ’ पेशी सुट्या राहिल्या पाहिजेत. त्यांचे पुंजके झाले, की परीक्षक सावध होतो. मग तो दात्याच्या पेशी ‘एच’ विरोधी द्रवात तपासतो. हा द्रवही एका वनस्पतीच्या बियांतून मिळतो. पिवळ्या फुलांचे आणि काटेरी पानांचे ते झुडूप युरोपात उगवते. खऱ्या ‘ओ’ पेशी या द्रवात घट्ट चिकटतात, बॉम्बे गटाच्या पेशी मात्र मोकळ्या राहतात. एवढ्याशा परीक्षेने संशय फिटतो.

ही तिसरी नळी आळसाने किंवा घाईने गाळली, तर? दाता तर धडधाकट असतो. ‘ओ’ गट लिहिलेले ओळखपत्र खिशात घालून तो घरी जातो. पुढे कधी त्यालाच अपघात झाला आणि त्या ओळखपत्रावर विसंबून त्याला ‘ओ’ रक्त दिले, तर त्याच्या रक्तातील ‘एच’ विरोधी प्रतिपिंडे त्यावर तुटून पडतील. एरवी रुग्णाचा गट तातडीने ठरवता आला नाही, तर डॉक्टर ‘ओ’ गटाच्या पेशींचा आधार घेतात, कारण त्या बहुतेक सर्वांना चालतात. पण जे रक्त साऱ्या जगाचा मित्र, तेच या माणसाचा शत्रू असते. याच कारणाने रक्त देण्यापूर्वी रुग्णाचे रक्तजल आणि त्या विशिष्ट बाटलीतील पेशी प्रत्यक्ष मिसळून पाहण्याचा नियम आहे. गटाची चिठ्ठी बरोबर असली, तरी ही शेवटची जुळणी टाळावयाची नसते.

बॉम्बे गटाच्या माणसाला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते, आणि अशी माणसे फार थोडी. भारतात साधारणपणे दहा हजार लोकांत एक, असा अंदाज सांगतात. युरोपात तर दहा लाखांत एखादाच आढळतो. हा गुण आनुवंशिक आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष ‘एच’ जनुक आला, तरच मूल या गटाचे होते. आईवडील प्रत्येकी एक निर्दोष आणि एक सदोष जनुक बाळगणारे असतील, तर त्यांच्यात काहीच वेगळे दिसत नाही. परंतु त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा गट मिळण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून असा दाता सापडला, की परीक्षक त्याच्या भावंडांना आधी बोलावतो. त्यांच्यात आणखी एखादा दाता सापडण्याची आशा सर्वांत अधिक असते.

या आनुवंशिकतेतून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. ज्याच्यापाशी खुंटी नाही, त्याच्या पेटीत टोपी असू शकते. बॉम्बे गटाच्या मातेच्या अंगी ‘बी’ घडवणारा जनुक सुप्त असू शकतो. पिता ‘ओ’ गटाचा असला आणि त्याच्याकडून मुलाला निर्दोष ‘एच’ मिळाला, तर मातेची लपलेली ‘बी’ खूण मुलाच्या पेशींवर प्रकट होते. कागदावर आई ‘ओ’, वडील ‘ओ’, आणि मूल ‘बी’! अर्धवट ज्ञान असलेला मनुष्य येथे त्या घराविषयी भलताच संशय घेईल. पुरते ज्ञान असलेला परीक्षक मात्र आधी मातेची ‘एच’ परीक्षा करील, आणि एका निरपराध कुटुंबाला कलंकातून वाचवील.

अशा दुर्मिळ दात्यांची नावनिशी रक्तपेढ्या जपून ठेवतात. मुंबईत परळ येथे रक्तगटांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. कोड्यात टाकणारे रक्त तेथे तपासणीसाठी पाठवता येते. साध्या रीतीने थंड ठेवलेल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात. परंतु ग्लिसरीन मिसळून अतिशय कमी उष्णतामानात गोठवल्या, तर त्या कित्येक वर्षे राखता येतात. तरीही अनेकदा गोठवलेला साठा हाताशी नसतो. मग दूरच्या गावाहून एखादा अनोळखी मनुष्य निरोप मिळताच गाडीत बसतो आणि रक्त देऊन परत जातो. तो कोणासाठी आला, हे त्याला पुष्कळदा ठाऊकही नसते.

रक्त देणाऱ्याच्या या औदार्याची स्तुती सर्वत्र होते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या दानाला खरे मोल येते ते पडद्याआड बसलेल्या परीक्षकाच्या दक्षतेने. त्याला रुग्णाचा चेहरा दिसत नाही. त्याच्यासमोर असतात त्या केवळ काचेच्या नळ्या आणि तळाशी साचलेले लाल ठिपके. रात्र झालेली असते, डोळे जड झालेले असतात, आणि ‘बहुधा हे ओच असेल’ असे म्हणून मोकळे होणे अगदी सोपे असते. अशा वेळी तो पुन्हा नळी उचलतो, पेशी पुन्हा धुतो, आणि तिसऱ्या साक्षीचे म्हणणे ऐकल्यावाचून लेखणी हाती घेत नाही. त्याने लिहिलेल्या त्या एका अक्षरावर भरवसा ठेवूनच दुसऱ्या दिवशी रुग्णालयात कोणीतरी निश्चिंतपणे आपला हात पुढे करते.